एकवचनातली घोषणा

घोषणा देणं म्हणजे ओरडणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी जन्मात कधी घोषणा दिलेली नसते. ओरडायला कुणालाही येतं. मॅनेजरला तर फारच छान येतं. घोषणा देणारीने अर्धंच बोलायचं असतं आणि उरलेलं अर्धं समोरच्या गर्दीच्या तोंडात ठेवून द्यायचं असतं. जरा जास्त थांबली तर गर्दी विस्कटते, जरा कमी थांबली तर उत्तर तिच्याच शब्दावर येऊन आपटतं. आणि एक नियम तर इतका उघड आहे की तो कुणी कुणाला शिकवतही नाही. घोषणा अनेकवचनात द्यायची. 'सांगा' म्हणायचं. 'सांग' म्हणून कुणी मोर्चा चालवलाय का?

भोंगाबाईने हा नियम बावीस वर्षांत एकदाच मोडला, आणि त्याचं गाणं झालं.

भोंगाबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ती ज्या लाँड्रीत कामाला आहे तिथे दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात, दिवसाला ट्रक भरभरून. धुतलेली ओली चादर दोघींनी ताणून तापलेल्या रोलरमध्ये सोडायची आणि पलीकडे दुसऱ्या दोघींनी ती वाळून आलेली, चटका देणारी, हवेतच पकडून घडी घालायची. सहा रोलर एकदम चालू असले की शेजारणीचं बोलणं ऐकू येत नाही. अशा आवाजात एकदा एका नव्या पोरीचा हात चादरीबरोबर आत चालला होता. सहाव्या रोलरवरून ही बाई "हात!" एवढंच ओरडली आणि पहिल्या रोलरवरच्या बाईने मशीन बंद केली. पोरीची बोटं वाचली. दुसऱ्या दिवसापासून ही भोंगाबाई. नवरासुद्धा आता तेच म्हणतो, फक्त लांबून.

तिच्यासमोर चादरीचं दुसरं टोक धरायला अकरा वर्षं तिची धाकटी जाऊ होती. सगळी लाँड्री तिला धाकटीच म्हणते. दोन सख्खे भाऊ, त्यांच्या दोन बायका, एकाच मजल्यावर समोरासमोरच्या खोल्या. घरी डब्याच्या झाकणावरून भांडल्या तरी चादरीला ते कधी कळलं नाही. एकीने टोक सोडलं की दुसरीचा हात तिथे आधीच आलेला असायचा.

मग दाराचं प्रकरण झालं. चादरी चोरीला जातात म्हणून रोलरच्या हॉलचं मागचं दार पाळी सुरू असताना बाहेरून कुलूप लावून बंद ठेवायला सुरुवात झाली. आत सहा तापलेले रोलर, सत्तर बायका, आणि किल्ली ऑफिसात. एक बाई चक्कर येऊन पडली तेव्हा किल्ली सापडायला इतका वेळ लागला की तोवर ती शुद्धीवर येऊन "मला घरी सोडा" म्हणत होती. त्यानंतर बायका रोज पाळी संपली की गेटवर उभ्या राहू लागल्या. पेपरवाल्यांना बोलावलं, तर त्यांनी 'किरकोळ वाद' असं दोन ओळींत छापलं. त्यांना एक दिवस त्या हॉलमध्ये कोंडायला हवं होतं, मग किरकोळ म्हणजे काय ते कळलं असतं.

घोषणा भोंगाबाईनेच बांधली होती. "सांगा, दार कुणाचं?" "आमचं!" "बंद कुणी केलं?" "त्यांनी!" "उघडणार कोण?" "आम्ही!" साधी, सोपी, चालत म्हणता येणारी.

आठव्या दिवशी मॅनेजरने तिघींना एकेक करून ऑफिसात बोलावलं. त्यात धाकटी होती. बाहेर आल्यावर दोघींनी सांगितलं, की दाराला कुलूप कधी नव्हतंच असा कागद पुढे केला होता, आम्ही नाही सही केली. धाकटी काहीच बोलली नाही. भोंगाबाईनेही विचारलं नाही. मोठ्या जावेने का विचारावं? धाकटीने आपणहून सांगायला नको?

नवव्या दिवशी गेटवर भोंगाबाई घोषणा देत होती आणि धाकटी मागच्या रांगेत पाण्याच्या टाकीला टेकून उभी होती. भोंगाबाईच्या डोळ्यांना तिचे ओठ मिटलेले दिसले. एकदा दिसले, दोनदा दिसले. तिसऱ्यांदा घोषणा द्यायला तिने श्वास घेतला आणि तोंडातून भलतंच निघालं.

"सांग ना... दार कुणाचं?"

गर्दी "आमचं!" म्हणाली, पुढची घोषणा झाली, बाराव्या दिवशी कुलूपही निघालं. त्या चुकीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही अशी भोंगाबाईची खात्री होती. धाकटीने मात्र त्या घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी आपली जागा बदलून घेतली. सहाव्या रोलरवरून दुसऱ्या रोलरवर. घरातही समोरचं दार दिसलं की मान दुसरीकडे. सात महिने.

आणि सात महिन्यांनी एका दुपारी, डब्याच्या सुट्टीत, एक मुलगी भोंगाबाईला शोधत आली. पंचविशीची, पाठीला गिटार, केस असे की लाँड्रीतल्या बायकांनी तिचं नाव विचारायच्या आतच झिपरी ठेवून टाकलं. तिचा चौघांचा रॉक बँड होता. बँडचं नाव भोंगाबाईने दोनदा विचारलं आणि दोनदा विसरली.

"काकू, तुम्ही गेटवर घोषणा देत होतात ना, तेव्हा मी समोरच्या बसस्टॉपवर होते," झिपरी म्हणाली. "मला राहवलं नाही, जवळ येऊन फोनवर रेकॉर्ड केलं. आता त्याचं गाणं केलंय आम्ही. आमचा पहिला सिंगल."

"सिंगल म्हणजे?"

"म्हणजे एकटंच सोडलेलं गाणं. अल्बम नाही, नुसतं एक."

"आणि मला कशाला दाखवतेस?"

"तुमचा आवाज आहे त्यात. तुम्ही हो म्हटलंत तरच सोडणार. नाही म्हटलंत तर संपलं."

तिने हेडफोन भोंगाबाईच्या कानाला लावले. आधी ड्रम. मग गिटार, पत्र्यावर साखळी ओढावी तशी. मग सगळं एकदम थांबलं आणि एका बाईचा आवाज आला. 'सांग ना... दार कुणाचं?' पुन्हा ड्रम. 'बंद कुणी केलं?' पुन्हा. 'उघडणार कोण?' आणि मग झिपरी स्वतः गायला लागली, काहीतरी वाट बघण्याबद्दल.

भोंगाबाईला आधी आवाजच ओळखू आला नाही. मग आला. ही बाई किती रडवेली आहे! आपण तर रागात होतो. होतो ना?

"माझ्या बायका कुठे गेल्या?" तिने हेडफोन ओढून काढले.

"कोण बायका?"

"सत्तर बायका घसा फोडून उत्तर देत होत्या! त्यांचं काय केलंस?"

झिपरी जरा चपापली. "ते कापलं. काकू, मला वाटलं... म्हणजे ऐकताना असं वाटतं, की ती बाई कुणाला तरी विचारतेय आणि समोरून काही उत्तरच येत नाहीये. तेच तर गाणं आहे."

"तेच तर खोटं आहे!"

आजूबाजूच्या बायकांनी डबे सोडून हेडफोनवर झडप घातली होती. गठ्ठे बांधणारी एक थोराड बाई आहे, तिच्या प्रत्येक वाक्याची सुरुवात 'आपलं' अशी होते. ती ऐकून म्हणाली, "आपलं, गाणं छान आहे गं. कुणी मेलंय का यात?"

त्या संध्याकाळी झिपरीने फोनवर पाठवलेलं ते गाणं भोंगाबाईने नवऱ्यालाही ऐकवलं. त्याने डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि निकाल दिला. "प्रेमाचं आहे."

"दाराचं आहे!"

"दार म्हणजे मनाचं दार. असतं तसं गाण्यांत." आणि जरा वेळाने, लांबून, "तू कधी माझ्याशी अशी 'सांग ना' म्हणून बोलली नाहीस."

तिला काय वाटत होतं ते तिलाच कळेना. नाही म्हणावं, तर त्या पोरीची सात महिन्यांची मेहनत. हो म्हणावं, तर जगासमोर एकटी, रडवेली, उत्तर न मिळालेली बाई म्हणून उभं राहायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या एका ओळीपुरतं ते खोटं नव्हतं. त्या ओळीचं उत्तर तिला खरंच मिळालं नव्हतं. हे त्या झिपरीला कसं कळलं? तिला तर कुणी धाकटीबद्दल सांगितलंही नव्हतं.

शेवटी तिने अट घातली. उत्तरं घालायची, तीही माझ्याच बायकांच्या तोंडची. झिपरी नाराज झाली, पण तयार झाली.

सुट्टीच्या दिवशी दुपारी चौदा जणी टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत जमल्या. भिंतींना स्पंज चिकटवलेला, खिडकी नाही, पंखा बंद, कारण त्याचा आवाज येतो. "म्हणजे पुन्हा कोंडूनच घातलं की," एकीने म्हटलं, आणि रेकॉर्डिंगवाल्याने निमूटपणे दाराला खुर्ची लावून ते उघडं ठेवलं. मग खालून टायरमध्ये हवा भरायचा आवाज येऊ लागला, तेव्हा बायकांनीच ते लावून घेतलं. आतून.

हेडफोन तीनच होते. तिघी वेळेवर ओरडायच्या, बाकीच्या त्यांची तोंडं बघून ओरडायच्या. "त्यांनी" ऐवजी "त्यां-त्यां-नी-नी" असं काहीतरी व्हायचं. रेकॉर्डिंगवाला पाचव्यांदा "परत एकदा, मावशी" म्हणाला तेव्हा भोंगाबाई उठली. तिने एकटीने हेडफोन लावले आणि बायकांसमोर जाऊन उभी राहिली. कानात आपलाच जुना आवाज ऐकायचा आणि हाताने इशारा करायचा. मग जमलं. 'बंद कुणी केलं?' हात वर. "त्यांनी!" खोली हलली. 'उघडणार कोण?' हात वर. "आम्ही!" रेकॉर्डिंगवाल्याने कानावरून हेडफोन बाजूला केले, एवढा दणका.

मग सुरुवातीची ओळ घेतली. भोंगाबाईच्या कानात ती बाई म्हणाली, 'सांग ना... दार कुणाचं?' तिने हात वर केला.

चौदा बायका गप्प.

"अगं, काय झालं? झोपलात का? परत लाव रे."

परत लावलं. तिने पुन्हा हात वर केला, आणि समोर चौदा तोंडं मिटलेली. काही जणी जमिनीकडे बघत होत्या. या वेळी हेडफोनची तार उपटली गेली होती आणि ओळ सगळ्यांना मोठ्यानेच ऐकू आली होती, त्यामुळे कळलं नाही असं म्हणायचीही सोय नव्हती.

"आपलं, ते आम्हाला नाहीये ना," गठ्ठेवाली म्हणाली. "आम्हाला तू 'सांगा' म्हणतेस. 'सांग ना' तू धाकटीला म्हणालीस. आम्ही मध्येच कसं उत्तर द्यायचं?"

"तुम्हाला माहीत होतं?" भोंगाबाईने विचारलं.

"सगळ्यांना माहीत आहे," दुसरी म्हणाली. "गेटवरच्या कुत्र्यालासुद्धा माहीत आहे."

"पण त्या दिवशी तर ओरडलात सगळ्या!"

"त्या दिवशी सवयीने ओरडलो."

झिपरी आळीपाळीने सगळ्यांकडे बघत होती. "धाकटी कोण?" तिने विचारलं, आणि तिला कुणीच उत्तर दिलं नाही.

भोंगाबाई खुर्चीवर बसली. सात महिने जे झाकून ठेवलं ते सत्तर जणींनी बघितलेलं होतं. लाज वाटावी की हायसं वाटावं? दोन्ही एकदम वाटत होतं. मग तिच्या डोक्यात एक वेगळाच किडा वळवळला.

"तुझ्याकडे मूळचं आहे का?" तिने झिपरीला विचारलं. "कापायच्या आधीचं? बायकांसकट?"

होतं. रेकॉर्डिंगवाल्याने लावलं. गेटवरचा कलकलाट, मग तिचा आवाज, 'सांग ना... दार कुणाचं?' मग "आमचं!" एकदम, भिंत पडावी तसं. आणि ते विरता विरता, उशिरा, बारीक आवाजात, एकटंच, "आपलं."

लगेच एका ट्रकने हॉर्न दिला आणि पुढचं सगळं त्याखाली गेलं.

"थांब. परत लाव."

पंधरा-वीस वेळा तरी लावलं असेल. सगळ्या 'आमचं' म्हणत असताना 'आपलं' कोण म्हणेल? 'आमचं' हे समोरच्याला वगळून असतं, ते मालकाला ऐकवायचं. 'आपलं' म्हणजे तुझं नि माझं. विचारणारीला धरून दिलेलं उत्तर. एकवचनात विचारलेल्या प्रश्नाचं.

"आपलं, तो माझा आवाज असेल हं," गठ्ठेवाली म्हणाली. "मी आपलं बोलायला लागले असेन काहीतरी, तेवढ्यात ट्रक आला."

झालं. पुन्हा सगळं गढूळ. तो शब्द उत्तर होता, की गठ्ठेवालीच्या एखाद्या वाक्याची नुसती सुरुवात? रेकॉर्डिंगवाल्याने हॉर्न बारीक केला, आवाज जाड केला, हळू केला. हळू केल्यावर तो धाकटीचा वाटायचा, मूळच्या वेगात गठ्ठेवालीचा, आणि फार वेळा ऐकल्यावर भोंगाबाईला स्वतःचाच वाटायला लागला.

"हाच ठेव," ती झिपरीला म्हणाली. "त्या ओळीला बाकी कुणी नको. हा एकच."

झिपरीचा चेहरा उजळला, पण लगेच ती म्हणाली, "मग ज्यांचा आवाज आहे त्यांना विचारावं लागेल, काकू. तुम्हाला विचारलं तसं. त्याशिवाय मी नाही सोडणार."

पोरगी तत्त्वाची निघाली, ही पंचाईत. गठ्ठेवालीची परवानगी तर तिथल्या तिथे मिळाली, न मागता. उरली धाकटी.

भोंगाबाई गेटवर मॅनेजरची गाडी अडवून उभी राहिलेली बाई. पण समोरच्या खोलीपर्यंतची चार पावलं टाकायला तिला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी संध्याकाळी गेली तेव्हा धाकटी जमिनीवर बसून मुलाच्या शर्टाला बटण लावत होती. तिने वर बघितलं, सुई थांबवली, पण 'या' म्हणाली नाही. भोंगाबाई उंबऱ्यातच उभी राहिली.

"एक ऐकवायचंय."

"मला गाणं माहीत आहे. सगळी लाँड्री तेच गुणगुणतेय."

"गाणं नाही. हे ऐक."

तिने फोन पुढे धरला. कलकलाट. 'सांग ना...' धाकटीची मान खाली गेली. "आमचं!" आणि मग ते बारीक "आपलं." आणि ट्रक.

"हा तुझा आवाज आहे का?"

धाकटी दोरा दातांनी तोडून म्हणाली, "सात महिन्यांनी हे विचारायला आलात, ताई?"

"त्या पोरीला परवानगी पाहिजे म्हणून..."

"मी सही कशावर केली, केली की नाही केली, ते एकदाही विचारलं नाहीत. घरात नाही, रोलरवर नाही. अकरा वर्षं समोर उभी होते मी. विचारलंत ते गेटवर, सत्तर जणींसमोर. आणि आता तर रेडिओवर विचारणार."

"रेडिओवर नाही, फोनवर येतं ते," भोंगाबाई म्हणाली, आणि आपण किती मूर्खासारखं बोललो हे तिला लगेच कळलं. "बरं. मग आता विचारते. केलीस का सही?"

"आता नाही सांगणार."

"अगं..."

"नाही सांगणार, म्हणजे नाही." धाकटीने शर्ट झटकला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं की सुईकडे बघून डोळे चुरचुरत होते, ते उंबऱ्यातून दिसत नव्हतं. "तो आवाज ठेवा. माझा आहे. नाव घालू नका म्हणावं."

"तुझा आहे? नक्की? तू बोललीस तेव्हा?"

"ठेवा म्हटलं ना."

भोंगाबाई आपल्या खोलीत परतली. उत्तर मिळालं होतं. मग हलकं का वाटत नव्हतं? माझा आहे, असं तिने म्हटलं, पण मी बोलले असं नाही म्हटलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "दोन्ही एकच की." पुरुषांना दोन्ही एकच वाटतं, म्हणून तर त्यांना सगळं सोपं जातं.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता गाणं सुटलं. नाव 'सांग ना'. खाली बँडच्या चौघांची नावं आणि त्यानंतर 'घोषणा: भोंगाबाई. उत्तर: लाँड्रीच्या कामगार'. डब्याच्या सुट्टीत फोन मधोमध ठेवून सगळ्या बसल्या. पहिल्यांदा नुसतं ऐकलं. ड्रम, साखळी, ती रडवेली बाई, आणि दणका थांबल्यावर एकटं बारीक "आपलं". दुसऱ्यांदा लावलं तेव्हा भांडण जुंपलं.

"तो माझा आवाज आहे," पॅकिंगमधली एक म्हणाली. "मी कायम उशिरा ओरडते."

"तुझा कसला? तू त्या दिवशी रजेवर होतीस."

"आपलं, मी आधीच सांगून ठेवलंय, तो माझा आहे."

"माझ्या मुलीने ओळखला, म्हणाली आई तू आहेस!"

चार जणींचा तो आवाज निघाला. रजेवर असलेलीसुद्धा मागे हटेना. धाकटी नेहमीप्रमाणे दुसऱ्या टोकाला बसली होती आणि शांतपणे डबा पुसत होती. खरी धनीण तिथे बसली आहे आणि या बाया तिच्यासमोर हक्क सांगताहेत, या विचाराने भोंगाबाईला हसू येत होतं, आणि थोडा अभिमानही वाटत होता, सात महिन्यांनी पहिल्यांदाच.

भोंगा झाला, सगळ्या उठल्या. गर्दीत धाकटी तिच्या शेजारी आली. इतकी जवळ ती कित्येक महिन्यांत आली नव्हती.

"ताई," ती समोर बघतच म्हणाली. "तो आवाज माझा नाहीये हं."

भोंगाबाई जागीच थांबली. मागची बाई तिच्या पाठीवर आदळली.

"काय? मग माझा आहे म्हणून का सांगितलंस?"

"तुम्ही विचारायला आलात म्हणून."

"म्हणजे तेव्हा तू गप्पच होतीस?"

"असं कुठे म्हटलं मी? मी 'आमचं' म्हणाले होते. सगळ्यांबरोबर, सगळ्यांसारखं. त्या घोळक्यात मी आहे. तुम्हाला तेवढं ऐकू आलं नाही."

"पण मी बघितलं, तुझे ओठ..."

"तुम्हाला बावीस वर्षांत चष्मा लागला नाही का ताई, की लावत नाही?"

ही खरं बोलतेय, की त्या दिवशी बोलली ते खरं होतं? आणि सही? विचारावं का आता? रागवावं की हसावं, ते ठरवेपर्यंत रोलर सुरू झाले आणि त्यांच्या आवाजात एकही शब्द कळेनासा झाला. धाकटी काहीतरी बोलत होती. तिचे ओठ या वेळी नक्की हलत होते.

"काय?" भोंगाबाई ओरडली, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी. "काय म्हणतेस? परत सांग!"